रोजा मुलांचा, परीक्षा घराची

यंदा रमजानचा चंद्र दहावीच्या वेळापत्रकाच्या ऐन मध्यावर उगवला. 21 फेब्रुवारीला पहिला पेपर झाला, 1 मार्चला इंग्रजीचा झाला आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. 2 मार्चला पहिला रोजा. दुसऱ्या रोजाला हिंदी, चौथ्याला बीजगणित, सहाव्याला भूमिती. उद्या, नवव्या रोजाला, विज्ञानाचा पहिला भाग आणि बुधवारी दुसरा. इतिहासाचा पेपर 15 तारखेला, भूगोलाचा 17 तारखेला. त्या दिवशी सोळावा रोजा असेल. म्हणजे दहावीचं अर्ध्याहून अधिक ओझं रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात उतरवायचं आहे.

हा योग काही नवा नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे 354 दिवसांचं. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी आखूड असतं. पंचांगात ही तूट अधिक महिना घालून भरून काढतात. हिजरी गणनेत तशी सोय नाही. म्हणून रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. 1992 सालीही तो असाच मार्चमध्ये होता. त्या वर्षी दहावी दिलेली मंडळी आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. आता त्यांची मुलं, भाचे-पुतणे त्याच महिन्यात त्याच परीक्षेला बसले आहेत. गेल्या वर्षी 12 मार्चला रोजे सुरू झाले तेव्हाही पेपर चालूच होते. यंदा मंडळाने परीक्षा आठवडाभराहून अधिक अलीकडे घेतली, तरी गाठ चुकली नाही. पुढच्या वर्षीही ती पडण्याचीच चिन्हं आहेत.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या अंगावर या दिवसांत तीन गोष्टी एकदम येतात. परीक्षेचा ताण असतो. घरच्या आणि धर्माच्या जबाबदाऱ्या असतात. आणि ज्या महिन्याची वर्षभर वाट पाहिली, त्या महिन्याची मौजही असते. यावर मोठ्यांचा सल्ला ठरलेला आहे : ‘वेळेचं नियोजन कर.’ सल्ला चुकीचा नाही. पण दहावीतल्या मुलाच्या हातात स्वतःचे असे तास किती असतात? तो कधी उठतो, कधी जेवतो, कधी झोपतो, घरात दिवा कधी मालवतो आणि टीव्हीचा आवाज कधी खाली येतो, हे बहुतेक घरात दुसरंच कुणीतरी ठरवत असतं. म्हणून हा तोल एकट्या मुलाला सांभाळता येत नाही. तो घराला सांभाळावा लागतो.

अकराचा पेपर आणि पहाटेची भाकरी

पश्चिम महाराष्ट्रात सध्या सहरीची वेळ पहाटे साडेपाचच्या आसपास संपते आणि इफ्तार संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला होतो. म्हणजे सव्वातेरा तासांचा रोजा. अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. दहावीचा पेपर अकराला सुरू होतो आणि साडेदहापर्यंत केंद्रावर पोचावं लागतं. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे पेपर दोन तासांचे. 2023पासून मिळणारी जादा दहा मिनिटं धरून ते एक वाजून दहा मिनिटांनी सुटतात. सहरी होऊन तोवर साडेसात तास उलटलेले असतात.

रोजात डोकं चालत नाही, असं अनेकांना वाटतं. रोजाची सवय असलेली मुलं सांगतात की सकाळी भूक फारशी जाणवत नाही; खरी ओढ लागते ती दुपारी तीन-चारनंतर. सकाळच्या पेपरला अडचण असते ती मुख्यतः दोन गोष्टींची, पाण्याची आणि झोपेची. मार्चच्या उन्हात घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. रोज सकाळी कडक चहा लागणाऱ्याचं तर पहिल्या दोन-तीन रोजांना डोकंच धरतं.

पाण्याचा उपाय स्वयंपाकघरात आहे. सहरीला लोणचं, पापड, तळलेलं आणि फार मसालेदार खाल्लं की दहापासूनच तहान लागते. भाकरी किंवा चपाती, अंडं किंवा डाळ, दही, केळं, दोन खजूर असं साधं खाणं जास्त वेळ पुरतं. पाणीही अजानच्या आधी घाईघाईने तांब्याभर रिचवण्यापेक्षा इफ्तारपासून झोपेपर्यंत आणि मग सहरीला, असं थोडं थोडं घेतलेलं बरं. संध्याकाळचीही तीच गोष्ट. भजी, समोसे आणि साखरेच्या सरबतावर ताव मारला की इशाच्या नमाजाआधीच डोळे मिटायला लागतात आणि रात्रीचा अभ्यास तिथेच संपतो.

झोपेचा उपाय मात्र घरातल्या सगळ्यांच्या हातात आहे. या वयाच्या मुलांना दिवसाला आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. रमजानात ती एका तुकड्यात मिळणं कठीण. तुकडे जोडावे लागतात. ज्या दिवशी पेपर नाही, त्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. रात्री दहाला अंग टाकलं आणि साडेचारला उठलं, तर साडेसहा तास होतात. फजरनंतर सहा ते साडेआठ हा अडीच तासांचा सर्वांत ताजा अभ्यास. मग तासभर डुलकी. साडेनऊ ते साडेबारा पुन्हा अभ्यास. जोहरच्या नमाजानंतर तासभर आडवं होणं. या दुपारच्या झोपेला कैलुला म्हणतात आणि तिची परंपरा जुनी आहे. तीन ते पाच सोडवलेल्या प्रश्नपत्रिका तपासणं. रात्री नऊ ते दहा नुसती उजळणी. बेरीज केली तर झोप साडेआठ तास, अभ्यासही साडेआठ तास. पाच वेळची नमाज, इफ्तार, घरातलं थोडं काम आणि तासभर मोकळा वेळ त्यात सहज बसतो.

कागदावर हे सोपं दिसतं. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे अकरापर्यंत बसले की ते कोलमडतं. साडेआठला डुलकी घेणाऱ्या मुलाला ‘दहावीला आहेस आणि दिवसाढवळ्या झोपतोस’ असं कुणी म्हटलं, तरी कोलमडतं.

चुलीजवळची विद्यार्थिनी

जबाबदारीचं वाटप सगळीकडे सारखं नाही, हे सरळ सांगायला हवं. एकाच घरात दहावीचा मुलगा आणि दहावीची मुलगी यांचा रमजान वेगळा असतो. दुपारी चारनंतर मुलगा फार तर खजूर, कलिंगड किंवा बर्फ आणायला बाहेर पडतो. मुलगी कांदा चिरते, पीठ भिजवते, फळं कापते, दस्तरखान मांडते आणि इफ्तारनंतर भांडी घासते. पहाटे आईबरोबर तीच आधी उठते. तिच्या वाट्याचे रोज दोन-अडीच तास असे जातात. सतरा तारखेपर्यंतचे धरले तर ते जवळपास दोन पूर्ण पेपरांचा अभ्यास होतो. तिला तीन टक्के कमी पडले, तर घर म्हणतं, मुलगी अभ्यासात जरा मागेच आहे.

काम करणं वाईट नाही. घरात हात लावणं हा शिकण्याचाच भाग आहे; तो मुलालाही लागू आहे. परीक्षेचे दिवस संपेपर्यंत दस्तरखान मुलाने मांडावं, ताटं वडिलांनी उचलावीत, इफ्तारला पाच पदार्थांऐवजी दोन करावेत, यात काहीच अवघड नाही. रोजा सोडायला एक खजूर आणि घोटभर पाणी पुरतं. बाकीचं सगळं आपण वाढवलेलं आहे.

मुलींची आणखी एक अडचण आहे. तिच्याबद्दल घरात सहसा बोललं जात नाही. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो. ते रोजे पुढे सवडीने भरून काढायचे असतात. नियम स्पष्ट आहे. तरीही भावाला किंवा वडिलांना कळू नये म्हणून कित्येक मुली त्या दिवसांतही सहरीला उठतात आणि दिवसभर पाणी न पिता वावरतात. पोट दुखत असताना, अंगात त्राण नसताना, लाजेपोटी उपाशी राहून पेपर द्यायचा हे धर्माने सांगितलेलं नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात तिच्यासाठी झाकून ठेवलेली पोळी आणि ‘खाऊन जा’ एवढे दोन शब्द आईने म्हटले, तर तो पेपर वेगळा जाईल.

मुलांच्याही जबाबदाऱ्या असतात, विशेषतः ज्यांच्या घराची कमाई रमजानवर अवलंबून असते तिथे. फळांची हातगाडी, खजुराचं दुकान, बेकरी, चपलांचा स्टॉल, शिवणकाम. या धंद्यांना वर्षातला हाच महिना हात देतो. शिंप्याच्या दुकानात रमजान निम्मा झाला की ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते, कारण हातात घेतलेले कपडेच चांदरातीपर्यंत पुरे होतील की नाही याची धास्ती असते. अशा घरात काज-बटण आणि तुरपाई मुलांच्या हातूनच होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत मागाच्या खडखडाटाशेजारीच वही उघडावी लागते. या घरांना ‘मुलाला कामाला लावू नका’ असं सांगणं सोपं आहे. महिन्याचं भाडं त्या कामातून येतं. पण पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्याला गाडीवर उभं करू नये आणि सतरा तारखेनंतर हवा तेवढा हात लावू द्यावा, एवढं घर ठरवू शकतं. सतरानंतरही ईदपर्यंत जवळपास दोन आठवडे उरतात आणि खरी गर्दी तेव्हाच असते.

मौज सोडायची की मोजायची

तरावीह सुटली की मोहल्ला जागा होतो. चहाच्या टपरीवर बाकं भरतात, बल्बच्या उजेडात क्रिकेट रंगतं, कॅरमचे डाव पडतात, कुणी नव्या चपला बघायला बाजारात जातं. वर्षात अकरा महिने रात्री नऊनंतर बाहेर न सोडणारी घरंही या महिन्यात हात सैल करतात. सोळा वर्षांच्या मुलाला याच्याकडे पाठ फिरवून बसायला सांगितलं, तर तो पुस्तक उघडून बसेल. मन टपरीवरच असेल.

पूर्ण बंदीने मजा सुटत नाही, ती चोरून होते. खोलीचं दार लावून, पांघरुणाखाली, मोबाइलवर. बाहेर अर्धा तास क्रिकेट खेळून आलेला मुलगा घामेजून येतो, पाणी पितो आणि झोपतो. रील्स बघत पडलेला मुलगा एक वाजेपर्यंत जागाच असतो आणि सहरीला त्याला हलवून हलवून उठवावं लागतं. म्हणून मौजेला उघड जागा द्यावी आणि तिला वेळेचं कुंपण घालावं. असर आणि मगरिबच्या मधला अर्धा तास मित्रांसोबत फिरण्याचा, रात्री इशानंतर अर्धा तास घरच्यांसोबत हसण्या-बोलण्याचा, हे ठरलं की मुलाला सारखं अपराधी वाटत नाही. मोबाइल मात्र दहाला घरातल्या सगळ्यांचा एकाच फळीवर जावा. वडिलांचाही.

ही मौज मुलींनाही हवी असते. मुलाला चौक आहे. मुलीला निदान गच्ची, शेजारची मैत्रीण, मेंदीची संध्याकाळ असावी. तिचा मोकळा वेळ भांडी घासण्यात मोजला जाऊ नये.

फर्ज काय, सुन्नत काय

कुटुंबांत आणखी एक ओढाताण होते. मुलगा तरावीहला गेला नाही तर लोक काय म्हणतील? इथे थोडी माहिती कामाला येते. रमजानचा रोजा सज्ञान, सुदृढ मुसलमानावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे. रात्रीची लांब तरावीह ही सुन्नत आहे. तिचं मोल मोठं, पण ती फर्जच्या पंक्तीत बसत नाही. पेपरच्या आदल्या रात्री मुलाने इशा पढून घरीच थोडक्यात नमाज पढली आणि वेळेत झोपला, तर त्यात धर्म बुडत नाही.

परीक्षा आहे एवढ्याच कारणाने रोजा सोडता येत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. पण आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआनाने स्वतः सवलत दिली आहे. सूरा बकराच्या 185व्या आयतीत रोजाच्या हुकमाबरोबरच अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको आहे, असा आशय आला आहे. ताप असलेल्या, उलट्या होत असलेल्या, मधुमेहाची इंजेक्शनं घेणाऱ्या मुलाला रोजा धरायला भाग पाडणं ही धर्मनिष्ठा नव्हे. शंका असेल तर डॉक्टरांना आणि मशिदीतल्या इमामसाहेबांना, दोघांनाही विचारावं. आणि चक्कर आली तर रोजा तिथेच सोडता येतो. तो नंतर एक दिवस ठेवून भरता येतो. बेशुद्ध पडून हुकलेला पेपर मात्र तसा भरून निघत नाही.

याच महिन्यात कुरआन अवतरायला सुरुवात झाली आणि त्यातला पहिला हुकूम ‘वाच’ असा होता, हे प्रत्येक मुस्लीम घरात मुलांना सांगितलं जातं. ज्या घरात हे सांगितलं जातं, त्या घराने वाचणाऱ्या मुलासाठी एक कोपरा आणि थोडी शांतता राखली, तर सांगितलेलं खरं ठरेल.

ताणाबद्दलही दोन गोष्टी मुलांच्या कानावर घालायला हव्यात. दहावीत शंभरातले 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. गणिताचे दोन्ही भाग मिळून हा हिशेब होतो, त्यामुळे बीजगणित अवघड गेलं तरी भूमिती हात देऊ शकते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीचा रस्ता खुला असतो, पुरवणी परीक्षाही असते. यातलं काहीही ‘अभ्यास नको’ म्हणून सांगायचं नाही. एक पेपर म्हणजे जगबुडी नव्हे, हे कळावं म्हणून सांगायचं. आणि मुलगा जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला तर नुसत्या दुआवर थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

दोन्ही गल्ल्यांतली परीक्षा

ही कसरत फक्त मुस्लीम मोहल्ल्याची नाही. या गुरुवारी होळी आहे, शुक्रवारी धुळवड आणि शनिवारी सकाळी अकराला इतिहासाचा पेपर. रंगाची बादली दारात आणि सनावळ्या डोक्यात अशी अवस्था पलीकडच्या गल्लीतल्या मुलांचीही होणार आहे. त्याच शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाजही आहे. एकाच बाकावर बसून दहावीचा अभ्यास केलेल्या दोन मित्रांपैकी एकाला रंगाचा मोह आवरायचा आहे, दुसऱ्याला झोपेचा. दोघांच्याही आयांना एकच काळजी आहे.

शहर म्हणून सगळ्यांना थोडं काही करता येईल. होळीपुढचा डीजे आणि तरावीहनंतरचा चौकातला गोंगाट, दोन्ही शनिवारपूर्वीच्या रात्री दहाला थांबले, तर दोन्हीकडची मुलं झोपतील. धुळवडीला रंग खेळून झाल्यावर दुपारी एकत्र उजळणी करता येईल. ज्याचा रोजा आहे त्याने प्रश्न विचारावेत, बोलून ज्याचा घसा कोरडा पडला तरी पाणी पिता येतं त्याने उत्तरं द्यावीत. केंद्रावर पेपर सुटल्यावर रोजेदार मुलाला सायकलवरून उन्हात एकटं पाठवण्यापेक्षा मित्राच्या वडिलांनी मोटरसायकलवर मागे घ्यावं. गावात हे होतच असतं; या पंधरवड्यात जरा आठवणीने व्हावं.

17 तारखेला भूगोलाचा पेपर देऊन मुलं बाहेर पडतील, तेव्हा निम्मा रमजान शिल्लक असेल. राहिलेली तरावीह, राहिलेलं क्रिकेट, शिंप्याकडचं काम, आईच्या हाताखालची कामं, सगळ्याला तेव्हा वेळ मिळेल. 30 मार्चला गुढीपाडवा आहे आणि चंद्र दिसला तर त्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद. श्रीखंडाची वाटी इकडून तिकडे आणि शीरखुर्म्याची वाटी तिकडून इकडे जाईल ती चोवीस तासांच्या अंतराने. तोवर घराघरांत एवढंच पाहायचं आहे की उद्या विज्ञानाचा पेपर असलेलं मूल आज रात्री दहाला झोपलं का. मुलगी असेल तर, तिच्या हातातली भांडी कुणी घेतली का.